क्रेम ब्रुले: चमचा टेकवा आणि ऐका

चिकाचं दूध वाफेवर ठेवलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि खरवस धरतो, हे खानापूर-निपाणीकडे कुणाला सांगायला नको. बेळगावातल्या एखाद्या हॉटेलात क्रेम ब्रुले, म्हणजे वर जाळलेल्या साखरेचा पापुद्रा असलेलं फ्रेंच कस्टर्ड, मागवलं तर त्या वाटीतही हेच घडलेलं असतं, फक्त प्रथिनं अंड्याच्या बलकातली. अर्धा लिटर घट्ट क्रीम, पाच-सहा बलक, ८० ग्रॅमच्या आसपास साखर आणि व्हॅनिला, एवढाच ऐवज. फ्रांस्वा मासियालो या फ्रेंच आचाऱ्याच्या १६९१ च्या पुस्तकात याची कृती सापडते.

वाटी आली की आधी चमच्याची पाठ वरच्या पापुद्र्यावर हलकेच आपटा. टक् असा कोरडा आवाज यायला हवा. हा पापुद्रा म्हणजे साखरेची काच. १६० अंशांच्या पुढे साखर वितळून तांबूस होते आणि झटकन थंड झाल्यामुळे तिचे पुन्हा स्फटिक बनत नाहीत. पण ही काच हावरट. हवेतलं आणि खालच्या कस्टर्डमधलं पाणी ओढून घेते. आधीच जाळून फ्रिजमध्ये ठेवलेली वाटी म्हणूनच चिकट, पाकाळलेली येते. बेळगावच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तर फ्रिजबाहेरही तिचा फार वेळ निभाव लागत नाही. साखर आयत्या वेळी जाळायची, वाढायची, लगेच फोडायची. रंग कुंद्याइतका गडद नको. काळे डाग असतील तर कडवट लागणार, दाताखाली कचकच आली तर साखर नीट वितळलेलीच नाही. पापुद्रा साधारण एक-दीड मिलिमीटरचा पुरे. चमच्याने ठोकावं लागलं तर ती चिक्की झाली.

आता आतलं. वर कोमट, खाली गार, हा फरक जिभेला कळायला हवा. एक घास काढला की खड्ड्याची कड सावकाश ढळली पाहिजे. सुरीने कापल्यासारखी ताठ उभी राहिली तर एक तर कस्टर्ड जास्त शिजलंय, किंवा त्यात घट्टपणासाठी जिलेटिन किंवा अगर-अगर घातलंय. नुसत्या बलकाचं प्रथिन ७० अंशांच्या आतच आवळतं. क्रीम आणि साखर मिसळल्यावर मात्र ७७ ते ८२ अंश लागतात. ८५ च्या वर गेलं की प्रथिनांची जाळी आक्रसते, पाणी पिळून निघतं आणि कडेला बारीक भोकं दिसतात. तळाशी पाणी साचलं असेल तर हाच दोष. तो टाळायला वाट्या गरम पाण्याच्या ताटात ठेवून ओव्हनमध्ये भाजतात. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथलं पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, पण तेही कस्टर्ड फुटायला भरपूर. म्हणून ताटातलं पाणी उकळू द्यायचं नसतं.

अंड्याविना केलेला प्रकारही मिळतो. त्यात कॉर्नफ्लोअर असेल तर घास टाळूला चिकटतो, खिरीच्या तळासारखा. चवीला तो वाईट असतोच असं नाही, पण त्याला क्रेम ब्रुलेची फूटपट्टी लावू नये. मागवतानाच विचारावं, ‘अंडं असतं ना यात?’