पार्श्वभूमी: मॅग्नेटोइलेक्ट्रिक कपलिंग आणि 'मल्टिफेरॉइक' शब्दाचा गुंता

इलेक्ट्रिक फील्ड लावून मॅग्नेटायझेशन (चुंबकत्व) आणणं, किंवा मॅग्नेटिक फील्ड लावून पोलरायझेशन (धन-ऋण भारांचं एकमेकांपासून सरकणं) आणणं, म्हणजे मॅग्नेटोइलेक्ट्रिक कपलिंग. क्रिस्टलच्या सिमेट्रीवरून असा इफेक्ट शक्य आहे हे १८९४ मध्येच सुचवलं गेलं होतं, पण खरी गोष्ट सुरू होते १९५९ ला. क्रोमियम ऑक्साइडमध्ये स्पिन (इलेक्ट्रॉनचे इवलेसे चुंबक) अशा बसलेल्या असतात की नुसतं टाइम रिव्हर्सल (सगळ्या स्पिन उलट्या करणं) चालत नाही, नुसतं इन्व्हर्जनही (मध्यबिंदूतून सगळं आरपार उलटवणं) चालत नाही, दोन्ही एकदम केलं तरच मांडणी जुळते. म्हणजे इलेक्ट्रिक फील्ड लावलं की मॅग्नेटायझेशन यायला वाट मोकळी, हे आधी कागदावर दाखवलं, १९६० मध्ये ते मोजलं गेलं आणि १९६१ मध्ये उलट दिशेनेही.

मोजणं सोपं नव्हतं बरं का. क्रिस्टल तसाच थंड केला तर त्यात स्पिनच्या एकमेकांच्या उलट मांडणीचे दोन्ही प्रकारचे भाग, म्हणजे डोमेन, तयार होतात, एकाचा सिग्नल प्लस, दुसऱ्याचा मायनस, आणि हातात जवळपास शून्य. म्हणून इलेक्ट्रिक आणि मॅग्नेटिक दोन्ही फील्ड एकत्र लावून ३०७ केल्विनच्या (ज्याच्या खालीच ही स्पिनची मांडणी टिकते) खाली आणायचं, मग एकच डोमेन उरतो. एवढं करूनही कपलिंग फार तर मीटरला ४ पिकोसेकंदांच्या आसपास.

१९६८ मध्ये लिमिट सापडली: कपलिंगचा वर्ग हा इलेक्ट्रिक आणि मॅग्नेटिक ससेप्टिबिलिटीच्या (फील्डला मटेरियल किती प्रतिसाद देतं त्याचं माप) गुणाकारापेक्षा मोठा होऊ शकत नाही. मग साहजिकच सगळे अशा मटेरियलच्या मागे लागले ज्यात दोन्ही ससेप्टिबिलिटी दणकून असतील, म्हणजे फेरोइलेक्ट्रिकही (आपोआप पोलरायझेशन असलेलं, जे फील्डने उलटवता येतं) आणि फेरोमॅग्नेटिकही (तसंच आपोआप मॅग्नेटायझेशन असलेलं). ते मिळेनात. नेहमीच्या पेरोव्हस्काइट (एक ठरावीक क्रिस्टल रचना) फेरोइलेक्ट्रिकमध्ये मधल्या धातूचं डी-शेल (इलेक्ट्रॉनचा एक कप्पा) रिकामं लागतं आणि मॅग्नेटिझमला ते अर्धवट भरलेलं लागतं, हे २००० मध्ये नीट मांडलं गेलं.

आता शब्दाकडे येऊ, कारण खरा घोळ इथेच आहे. 'मल्टिफेरॉइक' हा शब्द १९९४ मध्ये छापून आला तेव्हा अर्थ अगदी काटेकोर होता: एकाच फेजमध्ये फेरोइलेक्ट्रिक, फेरोमॅग्नेटिक, फेरोइलॅस्टिक (आपोआप आकार बदललेलं, जे ताणाने फिरवता येतं) यातले किमान दोन गुण. अँटिफेरोमॅग्नेट, म्हणजे ज्यात स्पिन एकमेकींना रद्द करतात अशी मटेरियल, त्यात नव्हते. २००३ मध्ये बिस्मथ फेराइटची पातळ फिल्म आणि टर्बियम मँगनाइट लागोपाठ गाजले, दोन्ही मुळात अँटिफेरोमॅग्नेट, आणि दोघांनाही मल्टिफेरॉइक म्हटलं गेलं. व्याख्या ताणली ती तेव्हापासून. मला हे पटत नाही, कारण त्यामुळे वाचणारा धरून चालतो की मल्टिफेरॉइक म्हणजे कपलिंग मोठंच असणार. तसं अजिबात नाही. क्रोमियम ऑक्साइड मॅग्नेटोइलेक्ट्रिक आहे पण फेरोइलेक्ट्रिक नाही, आणि बिस्मथ फेराइट रूम टेंपरेचरला इलेक्ट्रिक आणि मॅग्नेटिक दोन्ही ऑर्डर बाळगून असलं तरी त्याच्या बल्क (फिल्म नसलेल्या, जाड) क्रिस्टलमध्ये स्पिनची दिशा ६२ नॅनोमीटरमध्ये एक पूर्ण फेरी मारते, म्हणजे सायक्लॉइड असते, ती लिनियर (फील्डच्या प्रमाणात येणारा) इफेक्ट सरासरीत पुसून टाकते. त्या फिल्ममध्ये जे मोठं मॅग्नेटायझेशन सांगितलं होतं त्यावर २००५ मध्ये जाहीर आक्षेप आला, आज ते त्या मटेरियलचा स्वतःचा गुण मानलं जात नाही. पोलरायझेशन मात्र खरंच मोठं निघालं, चौरस सेंटिमीटरला ६० मायक्रोकुलोमच्या आसपास.

टर्बियम मँगनाइटचं बरोबर उलटं. पोलरायझेशन शेकडो पटींनी कमी आणि तेही २८ केल्विनच्या खाली, पण ते स्पिनच्या वळणदार मांडणीतूनच जन्मतं, त्यामुळे मॅग्नेटिक फील्ड लावलं की अक्षरशः एका अक्षावरून दुसऱ्या अक्षावर उडी मारतं. म्हणून २००९ पासून टाइप १ (पोलरायझेशन आणि मॅग्नेटिझम वेगवेगळ्या कारणांनी, बिस्मथ फेराइटसारखं) आणि टाइप २ (पोलरायझेशन मॅग्नेटिझममधूनच, टर्बियम मँगनाइटसारखं) असे दोन कप्पे करायची पद्धत पडली, हा फरक तरी कामाचा आहे.

दरम्यान जुनं क्रोमियम ऑक्साइड परत आलंय. २०१० मध्ये त्याच्या पृष्ठभागावरच्या स्पिन वापरून वरच्या फेरोमॅग्नेटिक थराचा एक्सचेंज बायस (शेजारच्या थरामुळे चुंबकत्वाला एका दिशेकडे मिळणारा कल) रूम टेंपरेचरला इलेक्ट्रिक फील्डने उलटवून दाखवला, अर्थात सोबत कायम मॅग्नेटिक फील्ड लागत होतं. ३०७ केल्विन म्हणजे रूम टेंपरेचरच्या अगदी काठावर, डिव्हाइस जरा गरम झालं की ऑर्डर गेली, ही त्याची कायमची अडचण होती. बोरॉन घातल्यावर ती मर्यादा ४०० केल्विनपर्यंत सरकली आणि आता मॅग्नेटिक फील्ड न लावता नुसत्या व्होल्टेजने त्यातल्या स्पिनची दिशा फिरवता येते.