ताऱ्यांच्या संघराज्यात 'आजपासून लागू' म्हणजे नक्की कधीपासून?

विज्ञानकथेतलं आंतरतारकीय संघराज्य म्हटलं की चित्र ठरलेलं असतं, एक राजधानीचा ग्रह, तिथे भलंमोठं सभागृह, अध्यक्षांनी हुकूम सोडला की शंभर ग्रहांवर लगेच अंमलबजावणी सुरू. मला या कथा मनापासून आवडतात पण दरवेळी एकच प्रश्न छळतो, हुकूम पोचला कसा?

प्रकाश सेकंदाला साधारण ३ लाख किमी जातो आणि त्याच्यापेक्षा वेगाने कुठलाच निरोप जात नाही. मंगळापर्यंत रेडिओ संदेशाला ३ ते २२ मिनिटं लागतात, तेवढं चालून जातं. पण सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी आहे ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे आज प्रश्न विचारला तर उत्तर साडेआठ वर्षांनी.

यावर लोक म्हणतात, उशीर तर पूर्वीही व्हायचाच. खरंय. ब्रिटन आणि अमेरिकेने २४ डिसेंबर १८१४ ला युरोपातल्या गेंटमध्ये युद्ध थांबवण्याच्या तहावर सह्या केल्या, ती बातमी जहाजाने समुद्र ओलांडायच्या आत ८ जानेवारी १८१५ ला अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला लढाई झाली आणि शेकडो माणसं मेली. पण तिथे निदान सह्या आधी आणि लढाई नंतर, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. ताऱ्यांच्या अंतरावर तेवढीही खात्री उरत नाही, आणि मला खरं सांगायचंय ते हेच.

१९०५ मध्ये आइन्स्टाइनने दाखवलं की लांबच्या दोन घटना 'एकाच वेळी' घडल्या का, हे बघणारा किती वेगाने चाललाय त्यावर अवलंबून असतं. हिशोब सोपा आहे, अंतर प्रकाशवर्षांत घ्या, वेग प्रकाशवेगाच्या पटीत घ्या, गुणाकार करा, तितकी वर्षं तिथला 'आत्ता' सरकतो. म्हणजे तुम्ही खुर्चीतून उठून प्रॉक्झिमाच्या दिशेने सेकंदाला १ मीटर या चालीने चालायला लागलात की तुमच्या हिशोबाने तिथला 'आत्ता' जवळजवळ अर्धा सेकंद पुढे जातो, वळून उलटं चाललात की तेवढाच मागे! यात घड्याळ बिघडलेलं नाही, आणि प्रकाशाला लागणारा वेळ वजा केल्यावरही हा फरक उरतोच.

आता समजा १ जानेवारीला पृथ्वीवर कायदा झाला, 'आजपासून नव्या खाणी बंद'. प्रॉक्झिमाच्या वसाहतीने १ मार्चला खाणीचा करार केला. पृथ्वीच्या घड्याळाने करार दोन महिने उशिरा झाला, म्हणून बेकायदा. पण प्रकाशाच्या १० टक्के वेगाने पृथ्वीकडून प्रॉक्झिमाकडे निघालेल्या यानातून हिशोब केला तर 'आत्ता' पाच महिने सरकतो आणि करारच कायद्याच्या तीन महिने आधी झालेला असतो. दोघंही बरोबर. यानं वगैरे सोडून द्या, प्रॉक्झिमा आपल्याकडे सेकंदाला सुमारे २२ किमी वेगाने येतोय, त्यामुळे नुसत्या दोन ताऱ्यांच्या आपापल्या घड्याळांतही सुमारे पावणेतीन तासांचा वाद निघतो.

ज्या घटनांमध्ये प्रकाश एकीकडून दुसरीकडे पोचू शकतो, त्यांचा क्रम मात्र कुणालाही उलटा दिसत नाही. प्रकाशाच्या या पोचेला लाइट कोन म्हणतात. माझ्या मते सार्वभौमत्वाची खरी सीमा हीच, कायदा ज्या क्षणी तिथे पोचला त्या क्षणापासून लागू. दुसरा उपाय म्हणजे सगळ्यांनी एकच घड्याळ मानायचं. खगोलशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राला धरून तशी कालगणना ठरवली आहेच, पण संघराज्यात आपल्याच सूर्याचं घड्याळ का, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी उठेल.

'क्वांटम एन्टँगलमेंटने, म्हणजे कितीही लांब असले तरी एकमेकांशी जुळलेल्या कणांच्या जोडीने, लगेच निरोप जातो' हा समज आधी डोक्यातून काढून टाका. २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याच्याच प्रयोगांना मिळालं, पण जोडीतल्या एका कणाचं मापन केल्यावर दुसऱ्या टोकाला जे आकडे दिसतात ते निव्वळ यादृच्छिक असतात, त्यातून एक अक्षरही पाठवता येत नाही. क्वांटम शब्द चिकटवून उपचार आणि ताईत विकणाऱ्यांनी या सुंदर विषयाची फार नासाडी केलीये.

१५७६ मध्ये जाँ बोदँ या फ्रेंच विचारवंताने सार्वभौमत्व म्हणजे सर्वोच्च आणि अखंड सत्ता असं मांडलं. इथे ती चालवणार कशी? कायदा मोडला म्हणून १० टक्के वेगाने फौज पाठवली तरी पोचायला ४२ वर्षं, आणि त्या वेगाच्या नुसत्या १ किलो वस्तूत सुमारे १ लाख टन टीएनटी या स्फोटकाइतकी ऊर्जा असते, म्हणजे अख्खं शहर उडवता येईल पण राज्य करता येणार नाही. म्हणून रोजचा कारभार, पोलीस, कर, न्याय हे सगळं प्रत्येक ताऱ्याचं स्वतःचं असणार, आणि संघाकडे राहतील मोजमापं, संशोधनाची देवाणघेवाण आणि मूळ हक्कांची सनद.

त्या सनदेत दुरुस्ती करायची तर टाऊ सेटी या ताऱ्यासारखा सदस्य ११.९ प्रकाशवर्षांवर, ठराव जाणार, मत येणार, निकाल परत जाणार, अशा तीन फेऱ्या. ठराव मांडला त्या दिवशी जन्मलेली मुलगी निकाल तिकडे पोचेल तेव्हा जवळजवळ ३६ वर्षांची असेल.