ताप वेगळा, उष्माघात वेगळा: पॅरासिटामॉल कुठे चालते आणि कुठे नाही

उष्माघात झालेल्या माणसासाठी काय करावं, याची एक यादी उन्हाळा आला की फोनोफोनी फिरू लागते. तिच्यात हमखास एक ओळ असते: अंग खूप तापलं असेल तर पॅरासिटामॉल द्या. ही ओळ वाचली की मला मनापासून राग येतो. गोळी शोधण्यात, गिळवण्यात आणि तिचा परिणाम होण्याची वाट बघण्यात जो वेळ जातो, तेवढा वेळ त्या माणसाकडे नसतो. आणि वाट पाहूनही परिणाम होणारच नसतो.

ताप सगळ्यांच्या ओळखीचा आहे, म्हणून थोडक्यात. जंतुसंसर्ग झाला की पांढऱ्या पेशी काही रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, आणि शरीराचं तापमान सांभाळणारा मेंदूतला भाग, हायपोथॅलॅमस, आपला नेमलेला आकडा ३७ अंश सेल्सियसवरून, समजा, ३९ वर नेतो.

खरी मेख इथे आहे. आकडा ३९ वर गेला त्या क्षणी शरीर असतं ३७ वर, म्हणजे नव्या हिशेबाने ते गार पडलेलं असतं. म्हणून ताप चढताना थंडी वाजते, हातपाय गार लागतात, अंगावर काटा येतो, हुडहुडी भरते आणि पांघरूण हवंसं वाटतं. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसून उष्णता आत कोंडतात, स्नायू थरथरून नवी उष्णता तयार करतात. ३९ गाठले की थंडी थांबते. नेमलेला आकडा परत ३७ वर आला की दरदरून घाम फुटतो आणि ताप उतरतो. हे सगळं शरीर स्वतः, ठरवून करत असतं आणि लगाम त्याच्याच हातात असतो. संसर्गाचा ताप ४१ च्या पलीकडे क्वचितच जातो, तो त्यामुळेच.

उष्माघातात नेमलेला आकडा हललेलाच नसतो. तो ३७ च असतो, आणि शरीर त्याच्याकडे परतायची जिवापाड धडपड करत असतं. कातडीकडे रक्त वळवतं, हृदय जोरात पळवतं, घामाच्या धारा सोडतं. पण आत साठणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त असते, आणि शरीर हरतं. तापात शरीर वर जातं, उष्माघातात ते वर ढकललं जातं. थर्मामीटर दोन्हीकडे ४०.५ दाखवू शकतो. तो आकडा कुणी वाढवला हे थर्मामीटर सांगत नाही.

ही उष्णता येते कुठून? दरवेळी उन्हातूनच येते असं नाही. स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, तिच्यातली पाऊण किंवा त्याहून जास्त उष्णता होऊन बाहेर पडते. धावणारा, ओझी वाहणारा, जाड गणवेशात कवायत करणारा माणूस स्वतःच उष्णता तयार करत असतो. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे घामाची वाफ. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता ओघळून जमिनीवर पडला तर जवळपास काहीच नेत नाही. दमट हवेत नेमकं हेच होतं. म्हणून ढगाळ पण दमट दिवशीही धडधाकट तरुण कोसळतो, आणि आजूबाजूचे म्हणतात, ऊन तर नव्हतंच.

आता गोळीबद्दल. पॅरासिटामॉल ताप उतरवते ती मेंदूतलं प्रोस्टाग्लँडिन कमी करून. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा वाटा होता. म्हणजे गोळी शरीर थंड करत नाही, ती वर गेलेला नेमलेला आकडा खाली आणते. उष्माघातात तो वर गेलेलाच नाही, तर गोळी खाली काय आणणार? शिवाय उष्माघातात यकृताला आधीच इजा होत असते, त्यावर पॅरासिटामॉलचा भार कशाला? ॲस्पिरिन तर मुळीच नको. रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडलेली असताना ती रक्तस्रावाचा धोका वाढवते.

गार पाण्याचं नेमकं उलट आहे. ताप आलेल्या मुलाला गार पाण्याने पुसलं तर त्याचं शरीर ३९ टिकवण्यासाठी आणखी कुडकुडतं. पोर हैराण होतं आणि हाती फारसं काही लागत नाही. लहान मुलांचा ताप असा पाण्याने पुसून उतरवू नये, असं ब्रिटनची नाइस ही संस्था आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगते. उष्माघातात मात्र गार पाणी हाच उपचार आहे. श्रमाने झालेल्या उष्माघातात मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवणं हा सर्वांत जलद मार्ग, डोकं मात्र कुणीतरी सतत पाण्यावर धरून ठेवायचं. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आत अडकते, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. प्रत्यक्षात बर्फाचं पाणी इतकी उष्णता खेचतं की त्या आकसण्याने फारसं अडत नाही. अमेरिकेतल्या फॅलमथ रोड रेसमध्ये १८ वर्षांत उष्माघात झालेल्या २७४ धावपटूंवर जागेवरच हा उपचार झाला, आणि सगळे वाचले. शरीर साधारण अर्ध्या तासात ३९ च्या खाली आणायचं असतं. म्हणून रुग्णवाहिका बोलवा, पण तिची वाट बघत हात बांधून उभे राहू नका. टब नसेल तर कपडे काढा, सगळ्या अंगावर सतत पाणी ओता आणि जोरात वारा घाला. वृद्ध माणसाच्या बाबतीतही हेच सोयीचं पडतं. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

उष्णतेचे बाकीचे त्रास उष्माघातापेक्षा सौम्य आहेत. उष्णतेने आलेला थकवा म्हणजे अशक्तपणा, मळमळ, चक्कर, पण डोकं ठिकाणावर. त्याला सावली, विश्रांती आणि पाणी. पेटके हा आणखी सौम्य प्रकार.

एका गैरसमजावर मात्र बोललंच पाहिजे: घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही. हे साफ चूक आहे. कोरडी कातडी बहुधा दिसते ती दिवसेंदिवस उकाड्यात राहिलेल्या वृद्धांमध्ये. श्रमाने कोसळलेला माणूस घामाने निथळत असू शकतो. कातडी नको, वागणं बघा. बरळतोय, झोकांड्या खातोय, विनाकारण चिडतोय, कुठे आहे ते सांगता येत नाही, झटके येतायत: उन्हात किंवा श्रमात असलेल्या माणसाचं असं झालं की उष्माघात धरूनच चालायचं. उलट, जोरात धावणाऱ्या निरोगी माणसाचं आतलं तापमान ३९ च्या वर जाऊ शकतं. तो नीट बोलत असेल आणि विश्रांतीने तापमान उतरत असेल, तर तो आजार नव्हे.

काखेतल्या किंवा कपाळावरच्या थर्मामीटरवर अशा वेळी माझा अजिबात विश्वास नाही. घामाने गार झालेली कातडी आतल्यापेक्षा कमी आकडा दाखवते. खरं मोजमाप गुदद्वारातून मिळतं.

मेंदूज्वर किंवा मेंदूपर्यंत पोचलेला मलेरिया यांतही ताप आणि भ्रम एकत्र दिसतात. तिथे आधीची हकीगत विचारावी: थंडी वाजत होती का, दोन दिवस अंग मोडून आलं होतं का, की तासाभरापूर्वी हा ठणठणीत पळत होता? उत्तर मिळत नसेल आणि माणूस उन्हातून किंवा श्रमातून आला असेल, तर आधी थंड करा. रुग्णालयात तर दोन्ही वेळा न्यायचंच आहे. शुद्धीवर येऊन ‘मी बरा आहे’ म्हणाला तरीसुद्धा न्या, कारण यकृताची इजा बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी रक्ततपासणीत दिसते. आणि लघवी काळपट तांबडी झाली असेल तर स्नायू विरघळून मूत्रपिंडं धोक्यात आल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना ते न विचारता सांगा.