मोडल संपादन (व्हीआय आणि विम)

मोडल संपादन : संगणकावर मजकूर लिहिण्याची व दुरुस्त करण्याची एक पद्धत. हिच्यात एकाच कळीचा अर्थ एडिटर (मजकूर लिहिण्या-दुरुस्तीचा कार्यक्रम) त्या क्षणी कोणत्या मोडमध्ये (कार्यावस्थेत) आहे त्यावर ठरतो. इन्सर्ट मोडमध्ये ‘डी’ दाबली की पडद्यावर ते अक्षर उमटते. नॉर्मल मोडमध्ये तीच कळ खोडण्याची आज्ञा होते. इन्सर्टमधून नॉर्मलमध्ये परतण्यासाठी एस्केप दाबतात. युनिक्स या संगणकप्रणालीच्या परंपरेतील व्हीआय आणि त्याचा वारस विम हे या पद्धतीचे सर्वांत रूढ एडिटर होत. व्हीआयच्या जुन्या दस्तऐवजांत नॉर्मल मोडला कमांड मोड म्हटले आहे. प्रस्तुत नोंदीत विमची परिभाषा वापरली आहे.

उगम व कालनिश्चिती : व्हीआय हा बिल जॉय यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात विद्यार्थी असताना लिहिला, याबद्दल दुमत नाही. मतभेद आहेत ते साल आणि ऋण या दोन बाबींत. व्हीआयचे जन्मवर्ष बहुधा १९७६ दिले जाते. मात्र त्या वर्षी तयार झाला तो एक्स (ex) हा ओळीनिहाय चालणारा एडिटर. सबंध पडदा व्यापणारा ‘व्हिज्युअल’ मोड त्यात १९७७ च्या उत्तरार्धाच्या सुमारास आला असे दिसते. बर्कलीच्या पहिल्या युनिक्स वितरणातून (मार्च १९७८) एक्स बाहेर पडला, तर ‘व्हीआय’ ही स्वतंत्र आज्ञा दुसऱ्या वितरणात (मे १९७९) दिसते. तेथेही व्हीआय हे एक्सचेच दुसरे नाव होते. त्या नावाने हाक मारली की कार्यक्रम थेट व्हिज्युअल मोडमध्ये उघडत असे. तेव्हा १९७६ हे एक्सचे वर्ष आणि व्हीआयचे त्यानंतरचे, असे धरणे अधिक सयुक्तिक.

ऋणाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. केन टॉम्प्सन यांचा ईडी हा युनिक्सचा मूळ एडिटर. त्यात पडद्यावर मजकूर आपोआप दिसत नसे. ओळ मागावी तेव्हा ती छापली जाई. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातील जॉर्ज कुलूरिस यांनी ईडीत बदल करून ईएम तयार केला. हे नाव ‘मर्त्य माणसांसाठी एडिटर’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे लघुरूप. ईडी केवळ अमरांनाच झेपतो, हा त्यातला टोमणा. कुलूरिस १९७६ च्या उन्हाळ्यात बर्कलीला आले असता जॉय यांनी ईएम पाहिला, आणि चक हेली यांच्यासह त्याच्या आधारे प्रथम ईएन व पुढे एक्स रचला. दुसरा प्रवाह झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातला. तेथे बटलर लॅम्पसन व चार्ल्स सिमोनी यांनी १९७४ च्या सुमारास ब्राव्हो हा मोडल एडिटर केला होता. पडद्यावरील संपादनाच्या बऱ्याच कल्पना ब्राव्होच्या माहितीपुस्तिकेतून घेतल्याची कबुली जॉय यांनीच १९८४ मधील एका मुलाखतीत दिली आहे. टिंबाने मागील क्रिया पुन्हा करण्याची युक्तीही तिथलीच. दोन्ही दाव्यांत खरे तर विरोध नाही. कोडची वंशावळ ईडी–ईएम–एक्स अशी लागते, तर आज्ञांची घडण ब्राव्होच्या वळणाची आहे. केवळ ईएमचे नाव घेणाऱ्या लेखनात ही दुसरी बाजू झाकली जाते.

मोडची गरज का पडली, याचे उत्तर यंत्रसामग्रीत आहे. जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करीत. या वेगाने सेकंदाला सुमारे ३० अक्षरे येतात. २४ ओळी आणि ८० स्तंभांच्या पडद्यावर १,९२० अक्षरे मावतात. म्हणजे भरलेला पडदा एकदा नव्याने रंगवायला मिनिटाहून जास्त वेळ. अशा स्थितीत आज्ञा एक-दोन अक्षरांत उरकणे आणि पडद्याचा बदललेला तेवढाच भाग पुन्हा काढणे, हाच शहाणपणा होता.

एच-जे-के-एल : नॉर्मल मोडमध्ये या चार कळांनी कर्सर अनुक्रमे डावीकडे, खाली, वर व उजवीकडे जातो. बोटे मधल्या ओळीवरून हलू नयेत म्हणून जॉय यांनी या कळा निवडल्या, असे वारंवार सांगितले जाते. हे स्पष्टीकरण टिकत नाही. न पाहता टंकन करणाऱ्याची उजवी तर्जनी ‘जे’वर विसावते, ‘एच’साठी ती बाजूला ताणावी लागते. हेतू सोयीचा असता तर चौकडी ‘जे’पासून अर्धविरामापर्यंतची झाली असती. जॉय यांच्याकडील टर्मिनल (संगणकाला जोडलेला पडदा व कळफलक) लिअर सिग्लर कंपनीचे एडीएम-३ए हे होते आणि त्याच्या याच चार कळांवर बाण छापलेले होते. त्याचेही मूळ आणखी मागे, अक्षरांना व नियंत्रणचिन्हांना क्रमांक देणाऱ्या अ‍ॅस्की संकेतावलीत सापडते : कंट्रोलसह एच म्हणजे एक घर मागे, कंट्रोलसह जे म्हणजे पुढची ओळ. टर्मिनल बनवणाऱ्यांनी त्यांच्या शेजारच्या दोन कळा उरलेल्या दोन दिशांना दिल्या. एस्केपचेही तेच. आज ती वरच्या कोपऱ्यात, करंगळीला दूर वाटते. एडीएम-३एवर ती आजच्या टॅबच्या जागी, ‘क्यू’च्या लगत होती. (युनिक्समध्ये होम डिरेक्टरी (वापरणाऱ्याचा स्वतःचा कप्पा) दाखवायला ~ हे चिन्ह का, याचेही उत्तर बहुधा याच कळफलकावर मिळते : ‘होम’ आणि ते चिन्ह एकाच कळीवर होते.)

आज्ञांचे व्याकरण : मोडल संपादनाचा खरा लाभ एच-जे-के-एलमध्ये नाही. पडद्यावर एकेक घर सरकणे हा त्याचा सर्वांत कमकुवत वापर होय. बळ आहे ते क्रिया आणि गती यांच्या जोडणीत. डी (खोडणे), सी (बदलणे), वाय (नकल घेणे) या क्रिया. डब्ल्यू (पुढील शब्दारंभापर्यंत), डॉलर (ओळीच्या अखेरीपर्यंत), एफ व त्यापुढे एखादे अक्षर (त्या अक्षरापर्यंत) या गती. डी-डब्ल्यूने शब्द जातो, डी-३-डब्ल्यूने तीन शब्द, सी-डॉलरने उरलेली ओळ पुसून लगेच लिहिता येते. क्रियेची कळ दोनदा दाबली की ती सबंध ओळीला लागू होते. एक नवी गती शिकली की ती प्रत्येक क्रियेला जोडता येते, त्यामुळे पाठांतर बेरजेने वाढते आणि उपयोग गुणाकाराने.

एक उदाहरण. भाडे = "५०००" अशा धर्तीच्या, अवतरणात किंमत असलेल्या वीस ओळी आहेत आणि काहींत किंमत ६५०० करायची आहे. कर्सर ओळीच्या आरंभी ठेवून सी, आय आणि दुहेरी अवतरणचिन्ह दाबावे : विम पुढील अवतरण स्वतः शोधतो, आतला मजकूर पुसतो आणि इन्सर्ट मोडमध्ये जातो. ६५०० टाइप करून एस्केप. नंतर एंटर दाबले की कर्सर पुढच्या ओळीच्या आरंभी येतो. तेथे नुसते टिंब दाबले की तीच दुरुस्ती होते. जी ओळ बदलायची नाही तेथे टिंब न दाबता पुन्हा एंटर. या पद्धतीत मुरलेले लोक दुरुस्ती करण्यापूर्वीच ती टिंबाने पुन्हा करता येईल अशी बेततात. अवतरण, कंस, परिच्छेद यांना एक वस्तू मानण्याची ही सोय मूळ व्हीआयमध्ये नव्हती. ती विमची भर. पूर्ववत करण्याचेही तसेच : मूळ व्हीआयमध्ये यू एकदाच मागे नेई आणि पुन्हा दाबल्यास तेच पूर्ववत करणे रद्द होई. अदलाबदल झालेली दोन अक्षरे एक्स (x, कर्सरखालचे अक्षर खोडणे) आणि पी (p, खोडलेले पुढे चिकटवणे) या दोन कळांत जागी लावणे मात्र पहिल्यापासून शक्य आहे.

आक्षेप : मोडविरुद्धची सर्वांत ठाम भूमिका लॅरी टेस्लर यांची. त्यांनी झेरॉक्समध्ये टिम मॉट यांच्यासह जिप्सी हा मोडविरहित एडिटर केला, आणि पुढे आपल्या मोटारीच्या नंबरप्लेटवरही ‘नो मोड्स’ असेच लिहवून घेतले. ब्राव्होबद्दल सांगितली जाणारी गोष्ट बोलकी आहे : लिहिण्याचा मोड चालू आहे असे समजून कोणी ‘एडिट’ हा शब्द टाइप केला, तर ई सगळा मजकूर निवडे, डी तो खोडी, आय लिहिण्याचा मोड सुरू करी आणि उरलेला टी एवढाच कागदावर राही. विम खालच्या ओळीत चालू मोड दाखवतो, तरी नवख्याची फसगत टळत नाही. बाहेर कसे पडावे हा प्रश्न तर विनोदाचाच विषय झाला आहे. (एस्केप, मग कोलन (:), क्यू, उद्गारचिन्ह व एंटर, बदल मात्र जतन होत नाहीत.)

वारसदार : व्हीआयचे कोड ईडीवरून आलेले असल्याने युनिक्सची मालकी असलेल्या एटी अँड टी कंपनीच्या परवान्यात अडकले आणि ते २००२ पर्यंत मोकळे झाले नाही. त्यामुळे प्रतिकृती निघाल्या. अटारी एसटी संगणकासाठीचा स्टीव्ही (१९८७) हा त्यांतला एक. त्याच्या आधारे ब्राम मोलेनार यांनी १९८८ मध्ये अमिगा संगणकावर विमचे काम सुरू केले. पहिली जाहीर आवृत्ती १९९१ ची. नावाचा अर्थ आधी ‘व्हीआयची नक्कल’ असा होता, तो १९९२-९३ च्या सुमारास ‘सुधारित व्हीआय’ असा झाला. विम वापरणाऱ्यांना युगांडातील मुलांसाठी देणगी देण्याचे आवाहन मोलेनार करीत. त्यांचे निधन ऑगस्ट २०२३ मध्ये झाले. निओविम ही विममधून फुटून निघालेली शाखा २०१४ ची. काकून व हीलिक्स या मोडल एडिटरांनी क्रम उलटवून आधी निवड, मग क्रिया अशी रचना स्वीकारली आहे.

देवनागरीतील वापर : इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाणित कळफलक चालू असताना नॉर्मल मोड निकामी होतो, कारण जे दाबल्यास र, के दाबल्यास क आणि डी दाबल्यास हलन्त चिन्ह एडिटरकडे पोहोचते. उपाय दोन. लँगमॅप या पर्यायात प्रत्येक देवनागरी चिन्हासमोर मूळ रोमन कळ लिहून ठेवता येते. किंवा यंत्रणेचा कळफलक इंग्रजीच ठेवून विमचा स्वतःचा कीमॅप (कोणत्या कळीने कोणते अक्षर उमटावे याची जुळणी) लावावा. तो इन्सर्ट मोडमध्ये लागू होतो, नॉर्मल मोडच्या आज्ञांना नाही, म्हणून मराठी लिहिणाऱ्याला हा दुसरा मार्ग अधिक सोयीचा. वाक्यावरून वाक्यावर उडी मारणारी गती मराठीत ठीक चालते, कारण मराठी वाक्य टिंबाने संपते. हिंदीचा दंड विम वाक्यान्त मानत नाही. जोडाक्षरांत मात्र अडचण येते. एक्स (x) ही खोडण्याची आज्ञा व्यंजनासोबतची मात्रा व हलन्त एकत्र खोडते, पण हलन्तापुढील व्यंजन वेगळे मोजते. त्यामुळे ‘स्त्री’ हे वाचकाच्या लेखी एक अक्षर असले, तरी ते पुसायला एक्स तीनदा दाबावे लागते.