‘निव्वळ कौशल्य’ : ऑनलाइन रमी व पोकरच्या बंदीला होणाऱ्या विरोधाची पार्श्वभूमी

पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन रमी आणि पोकरवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये घातलेल्या बंदीला जो विरोध होत आहे, तो बहुधा रोजगार, गुंतवणूक आणि बुडालेला कर यांच्या भाषेत मांडला जातो. त्याचे मूळ मात्र दोन शब्दांत आहे. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने आणि पुढे १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने ‘निव्वळ कौशल्याच्या’ खेळांना शिक्षेतून वगळले. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ ची. गिरणीचा भोंगा सुरू झाल्यावर दहा वर्षांनी आलेल्या या कायद्याचे कलम १२ (अ) जिल्ह्यातील छाप्यांच्या बातम्यांमध्ये आजही वाचायला मिळते.

या कायद्यातील जुगाराची व्याख्या सुरुवातीपासूनच अपुरी पडत आली आहे. मुंबईत पावसावर लागणाऱ्या पैजा तिच्यात बसत नव्हत्या, म्हणून अवघ्या तीन वर्षांत, १८९० मध्ये, तिच्यात पाऊस घालावा लागला. पुढे न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर सट्टा चालला. ते भाव येणे थांबल्यावर साठच्या दशकाच्या आरंभी आकडे मडक्यातून निघू लागले. मटक्याच्या चिठ्ठीवर ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द राहिले ते तेव्हापासूनच. कापसावर आणि सुतावर जगणाऱ्या सोलापुरात हा आकडा रुजला नसता तरच नवल. आजच्या वादात मटका कोणाच्याही बाजूने उभा नाही. त्यात कौशल्य आहे असे कोणी म्हणत नाही.

खरी गुंतागुंत ‘निव्वळ’ या शब्दाची आहे. शब्दशः घेतला तर ज्यात नशिबाचा लवलेशही नाही असाच खेळ सुटतो, म्हणजे फार तर बुद्धिबळ. पत्ते पिसले की नशीब आलेच. सिकंदराबादच्या एका क्लबवर १९६३ मध्ये पडलेल्या छाप्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा १९६८ च्या निकालात न्यायालयाने रमीत प्रामुख्याने कौशल्य लागते असे ठरवले, कारण कोणता पत्ता पडला हे लक्षात ठेवावे लागते आणि कोणता धरायचा, कोणता टाकायचा याचा विचार करावा लागतो. तीन पत्तीला मात्र त्याच निकालाने निव्वळ नशिबाच्या पंक्तीला बसवले. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींच्या प्रकरणात न्यायालयाने ‘निव्वळ’चा अर्थ ‘मुख्यत्वे’ असा स्पष्टच केला, आणि पुढच्या सगळ्या ऑनलाइन धंद्याचा पाया त्या एका अर्थावर घातला गेला. १९६८ च्या निकालात एक इशाराही होता, की क्लबचा मालक खेळातून नफा कमावत असेल तर गुन्हा होऊ शकतो. विरोध करणारे हा इशारा सहसा उद्धृत करत नाहीत, हे नोंदवले पाहिजे.

कौशल्याचा दावा पोकळ मात्र नाही. सोलापूरच्या पूर्व भागातील एखाद्या यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळीला खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलेला मोबाइल पाहिला, तर तेरा पत्ते हातात आल्याबरोबर खेळणारा पहिला निर्णय घेतो तो खेळायचे की सोडायचे याचा. पहिल्याच फेरीत डाव सोडला तर दंडाचे वीस गुण चढतात, मध्येच सोडला तर चाळीस आणि शेवटपर्यंत रेटून हरले तर ऐंशी. वाईट हात वीसवर सोडणारा आणि हट्टाने ऐंशी घेणारा हे दोघे एकाच नशिबाचे नसतात. धागा तुटून मागाकडे धावावे लागले आणि लागोपाठ पाळ्या चुकल्या, तर खेळ त्याला आपोआप बाहेर काढतो. तो दोष कौशल्याचाही नाही आणि नशिबाचाही नाही.

पोकरची स्थिती आणखी अवघड आहे. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज आणि रमीबरोबर पोकरलाही नाव घेऊन जुगारातून वगळले, तर गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पोकरला जुगारच ठरवले. समोरच्याचा डाव ओळखणे, हात न दाखवता बोली जिंकणे हे कौशल्य आहे हा युक्तिवाद मला पटतो. पण मग तीन पत्तीत चाल वाढवून समोरच्याला पॅक करायला, म्हणजे डाव सोडायला लावणाऱ्याने काय केले, याचे समाधानकारक उत्तर पोकरवाल्यांकडून मिळालेले नाही.

राज्यांनी या प्रश्नाला आपापली उत्तरे दिली, कारण राज्यघटनेने पैजा आणि जुगार हा विषय राज्यसूचीत ठेवला आहे. तेलंगणाने २०१७ मध्ये ऑनलाइन रमी बंद केली. महाराष्ट्राने स्वतंत्र बंदी केली नाही. त्यामुळे हैदराबादकडे जाणाऱ्या गाडीत सोलापूरला सुरू केलेला खेळ तांडूरच्या आसपास ‘आपल्या राज्यात उपलब्ध नाही’ असे सांगून बंद पडे, आणि ऑक्टोबर २०२१ पासून काही महिने तर दुधनी मागे पडताच कर्नाटकातच बंद पडे. कर्नाटकची ती बंदी तेथील उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केली. तमिळनाडूचा आणि केरळचाही असाच प्रयत्न त्याआधी, २०२१ मध्ये फसला होता. बंदी नेटाने राबवता येत नसेल तर नियमन करावे, असे विधी आयोगाने २०१८ मध्येच सुचवले होते. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये नियमनाची चौकट जाहीरही केली, ती कागदावर राहिली, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून जमा केलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. ज्यावर सरकार कर घेते तो व्यवहार बेकायदा कसा, हा विरोधकांचा सर्वांत लोकप्रिय प्रश्न तेथून निघाला. १९६९ पासून स्वतःची लॉटरी चालवणाऱ्या महाराष्ट्रात तो अधिकच टोचतो.

२०२५ चे विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत मांडले गेले आणि गदारोळात त्याच दिवशी मंजूर झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेने आणि तिसऱ्या दिवशी राष्ट्रपतींनी त्यावर मोहोर उमटवली. सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारी गोटातून देण्यात आला. भागाकार केला तर माणशी साडेचारशेही होत नाहीत. अर्थात ज्याचा आठवड्याचा पगार एका रात्रीत गेला, त्याला ही सरासरी ऐकवण्यात अर्थ नाही. कायद्याने खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. मात्र मुख्य बदल व्याख्येत आहे: खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोन्हींचा, पैसे लावून पैसे जिंकण्याची अपेक्षा असली की तो बंद. म्हणजे ‘निव्वळ’चा अर्थ काय, या दीडशे वर्षांच्या प्रश्नाचे उत्तर संसदेने दिलेच नाही, तो प्रश्नच कायद्यातून काढून टाकला. निरनिराळ्या उच्च न्यायालयांतील याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या. त्यांत व्यवसायस्वातंत्र्याचा मुद्दा आहेच, पण राज्यसूचीतील विषयावर केंद्राला असा कायदा करता येतो का, हा मुद्दा अधिक वजनदार आहे. आणि तो रमी-पोकरपुरता मर्यादित नाही.