अळीव: तिखट पाल्यापासून लोहाच्या आकड्यापर्यंत

अळीव म्हणजे लोह, हे समीकरण आज पक्के झाले आहे. पण ते अगदी अलीकडचे. माणसाला अळिवाची ओळख झाली ती आधी पाल्यामुळे. इ.स.पूर्व चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफनने पर्शियन मुलांच्या आहाराचे वर्णन केले आहे, त्यात भाकरीबरोबर तोंडी लावायला हाच पाला येतो. रोमनांनी दिलेल्या नावाचा अर्थ ‘नाक मुरडायला लावणारे’ असा सांगतात. हा झणका मोहरीच्या कुळाचा. पान किंवा बी चिरडले की त्यातली गंधकयुक्त द्रव्ये फुटतात आणि वास नाकात चढतो.

पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने बियांचे गुण लिहून ठेवले: उष्ण, कृमी पाडणारे, पाळी आणणारे आणि गर्भाला घातक. गरोदरपणी अळीव टाळावेत या सल्ल्याला इतका जुना आधार आहे, म्हणून तो हलक्यात घेऊ नये.

आयुर्वेदात अळिवाचे नाव चंद्रशूर. सोळाव्या शतकातला भावप्रकाश हा ग्रंथ उचकी, वात, कफ आणि अतिसारावर त्याचा उपयोग सांगतो, बल आणि पुष्टी वाढते असेही म्हणतो. मेथी, ओवा, काळे जिरे आणि चंद्रशूर मिळून ‘चतुर्बीज’ होते. यातला अतिसाराचा उपयोग मला सर्वांत पटतो. अळीव भिजवले की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण फुगून येते. हा विद्राव्य तंतू पाणी धरून ठेवतो.

लोहाची कीर्ती पसरली ती राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या अन्नकोष्टकामुळे. त्यात १०० ग्रॅम बियांत १०० मिलिग्रॅम लोह दिले होते. पुढच्या कोष्टकात हा आकडा बराच खाली आला, तरी जुनाच आकडा सगळीकडे फिरतो. शिवाय एका चमच्यात बी बसते जेमतेम काही ग्रॅम, आणि त्यातले फायटेट हे लोहाला बांधून ठेवणारे द्रव्य लोहाचे शोषण अडवते. सोबत लिंबू पिळले तर क जीवनसत्त्वामुळे थोडी मदत होते. केवळ अळिवावर विसंबून रक्तक्षयाचे औषध थांबवणे धोक्याचे आहे.

बियांचे खरे बळ इतरत्रही आहे. वजनाच्या सुमारे पाव भाग प्रथिने, जवळपास तेवढेच तेल, आणि त्या तेलात जवसासारखे ओमेगा-३ भरपूर. जुन्या वैद्यांनी ज्याला पुष्टी म्हटले, ती बहुधा यातूनच येत असावी.