कांदळवनामुळे डास होतात का?

नवी मुंबईत डेंग्यू-मलेरियाची साथ आली की 'खाडीकाठचे कांदळवन तोडा, डास जातील' अशी मागणी पुढे येते. कांदळवन म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारे तिवरांचे (मॅन्ग्रोव्हचे) जंगल. वर्षानुवर्षे फिरणारा हा समज डासांच्या जीवनक्रमाशी मात्र जुळत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती आणि शहरी मलेरियाचा ॲनोफिलिस स्टिफेन्सी हे दोन्ही डास साठवलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात, म्हणजे गच्चीवरच्या टाक्या, पिंपे आणि बांधकामांवरची डबकी अशा ठिकाणी अंडी घालतात. रात्री चावणारा क्युलेक्स तुंबलेल्या गटारांत वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडाभर संथ पाणी लागते आणि भरती-ओहोटीने दिवसातून दोनदा हलणाऱ्या तिवरांत ते सहसा मिळत नाही. शिवाय अळ्या खाणारे छोटे मासे तिथे असतातच. अपवाद आहे, पण तो माणसानेच केलेला: राडारोडा टाकून भरतीची वाट अडवली की मागे पाणी साचते आणि त्यात डास होतात. अशा वेळी राडारोडा उचलायचा की झाडे तोडायची, हे ठरवणे खरे तर अवघड नसावे.

कांदळवनावर मारला जाणारा 'निरुपयोगी झाडोरा' हा शेराही असाच चुकीचा. तिवराच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावले तर खारट लागते, कारण झाड जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते. हाच पाला गुरांना चारा म्हणून चालतो. मुळांभोवतीच्या चिखलात चिंबोऱ्या आणि कोळंबी वाढतात, ज्यांवर खाडीकाठच्या आगरी-कोळी कुटुंबांची मासेमारी चालत आली आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या सुमारे १,६९० हेक्टरांपैकी ८९६ हेक्टर कांदळवनच आहे.